चापाचं वजन

दवनीवाडा,
१२ नोव्हेंबर २०००

भोजराज,

जय भीम घे, आणि माझ्याकडून राम रामही ठेवून घे. तू स्कूटरवरून पडलास आणि उजवा पाय प्लास्टरमध्ये आहे हे कामठीला ये-जा करणाऱ्या सुखरामकडून कळलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी स्कूटर शिकायला तुला कोणी सांगितलं होतं? फौजेत सोळा वर्षं बंदुका दुरुस्त केल्यास, एकही तुझ्यावर उलटली नाही, आणि कामठीच्या बाजारात एका शेळीने तुला आडवा केला. आधी हसलो, मग वाईट वाटलं. दोन्ही खरं आहे.

आता माझं काम. माझी पॉइंट टू-टू रायफल तुला माहीत आहे. पंचाहत्तर साली सुटीवर आला होतास तेव्हा तूच ती पूर्ण खोलून पुन्हा जोडून दिली होतीस. तिचा घोडा जड झाला आहे. तू म्हणशील घोडा नाही, चाप म्हण. बरं, चाप. दोन वर्षांपूर्वीपर्यंत बोट टेकवलं की सुटायचा. आता मी ओढत राहतो, काही होत नाही, आणि मग एकदम आवाज होतो तेव्हा मी तयारच नसतो. गोळी कागदावर कुठेही जाते.

आपला गोंदिया आता स्वतंत्र जिल्हा झाला. सव्वीस जानेवारीला इथल्या रायफल क्लबची पहिली स्पर्धा आहे. भंडाऱ्याला मी अकरा वेळा पहिल्या तिघांत आलो हे गावाला पाठ आहे, कारण मीच ते पाठ करून घेतलं आहे. आता घरच्या जिल्ह्यात मागे पडलो तर पानठेल्यावर उभं राहायची सोय उरणार नाही.

रायफल तुझ्याकडे पाठवता येत नाही, लायसन्स जिल्ह्यापुरतं. तुला इकडे येता येत नाही. तेव्हा घरच्या घरी चाप हलका कसा करायचा ते लिहून कळव. फोन करू नको. मुन्नालालच्या बूथवर बोललेलं माझ्या आधी चौकात पोचतं.

जमुना आणि पोरं, दुर्गेश, ओमेश्वरी, मजेत. कुसुमबाईंना नमस्कार.

तुझा
उदेलाल


कामठी,
२० नोव्हेंबर २०००

उदेलाल,

जय भीम. शेळी नव्हती, चांगला दांडगा बोकड होता. इतिहास लिहायचा तर नीट लिही.

तुझं पत्र वाचून बरं वाटलं. दिवसभर पलंगावर पडून मी कुसुमला इतके सल्ले देतो की ती मला पुन्हा स्कूटरवर बसवायच्या विचारात आहे. आता सल्ले तुला देतो.

'जड झाला' म्हणजे किती जड? आमच्यात जवान तक्रार घेऊन आला की माझ्यासारखा आर्मरर त्याच्या बोटावर कधी विश्वास ठेवत नसे. आधी चापाचं वजन करायचं. रीत सोपी आहे. बोल्ट उघडून पाहा, आत गोळी नाही ना. मग एक वापरलेलं, रिकामं काडतूस आत घाल. हे विसरू नको. तुझी रायफल रिमफायर आहे, तिची पिन काडतुसाच्या कडेवर बसते. आत काहीच नसलं तर ती थेट नळीच्या काठावर आपटते आणि काठ खराब होतो.

बोल्ट बंद कर. रायफल उभी धर, नळी आभाळाकडे. चापाला तारेचा हुक अडकव, हुकाला पिशवी लटकव, आणि पिशवीत हळूहळू धान्य सोड. ज्या क्षणी टिक आवाज होईल त्या क्षणी थांब. पिशवीत जेवढं धान्य, तेवढं तुझ्या चापाचं वजन. दोन किलोच्या आसपास असेल तर चाप बरोबर आहे. ते मोजून मला कळव. तोवर स्क्रू-ड्रायव्हर जमुनावहिनीकडे जमा कर.

भोजराज


दवनीवाडा,
२९ नोव्हेंबर २०००

भोजराज,

राम राम. काल तुझा तमाशा अंगणात पार पडला. दुर्गेश रायफल धरून उभा, मी पिशवीत धान्य सोडतोय, आणि कुंपणापलीकडे शेजारचा कवडू आपले बैल थांबवून पाहतोय. त्याने विचारलं, "पाटील, बंदूक तोलून विकून राहिले का?" आता हे गावभर होणार.

घरात तराजू आहे तो पोती तोलायचा, त्यावर एवढंसं काही कळत नाही. म्हणून जमुनाच्या पितळी मापाने मोजलं. तेच माप, आईच्या वेळचं, तुला आठवत असेल. सहा मापं झाली तेव्हा टिक आवाज आला. तीनदा केलं, तीनदा सहा.

म्हणजे जड आहे की नाही? मी म्हणालोच होतो.

स्पर्धेत नाव दिलं आहे. क्लबवाल्यांनी यादीत माझं नाव पहिलं लिहिलं. वयामुळे लिहिलं की मानामुळे ते मी विचारलं नाही.

उदेलाल


कामठी,
८ डिसेंबर २०००

उदेलाल,

जय भीम. ते माप मला चांगलं आठवतं. वरपर्यंत भरलं की अर्धा किलो बसतो. सहा मापं म्हणजे तीन किलो. मी गंमत समजत होतो, पण तीन किलो खरोखर जास्त आहे. तुझं बोट खोटं बोलत नव्हतं, माफ कर.

आता नीट वाच आणि जेवढं लिहिलं आहे तेवढंच कर. लाकडी दस्त्याचे खालचे दोन स्क्रू काढून लोखंड मोकळं कर. चापाच्या वरच्या टोकाजवळ एक छोटा दात दिसेल. त्याला आम्ही सिअर म्हणतो. बोल्टमधली पिन या दाताला अडून उभी असते. चाप ओढला की दात खाली सरकतो आणि पिन सुटते. सगळा जडपणा या दोघांच्या घासण्यात असतो. पंचवीस वर्षांचं तेल तिथे गोंदासारखं साचलं असेल. घासलेट आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन सगळं स्वच्छ कर. पुसून कोरडं कर. मग एकच थेंब तेल.

एवढ्याने बहुतेक भागेल. नाही भागलं तर वस्तऱ्याचा बारीक दगड घे आणि दाताच्या तोंडावर सात-आठ वेळा सपाट फिरव. फक्त चकाकी यायला हवी, दाताचा आकार बदलायला नको. स्प्रिंगला हात लावायचा नाही. स्प्रिंग कापून चाप हलका करणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्या रायफलींनी काय केलं तेही पाहिलं आहे.

झालं की पुन्हा वजन कर.

भोजराज


दवनीवाडा,
२२ डिसेंबर २०००

भोजराज,

राम राम. सांगितलंस तसं सगळं केलं. घासलेटमध्ये धुतल्यावर जो काळा गाळ निघाला तो पाहून मलाच लाज वाटली. दगडही फिरवला, मोजून आठ वेळा. दात आरशासारखा झाला.

आता साडेपाच मापं. अर्ध्या मापाचा फरक पडला म्हणायचं, पण मला बोटाला काडीचा फरक कळत नाही. पूर्वीसारखाच, दगड ओढल्यागत. काल पंचवीस गोळ्या झाडल्या, नऊ कागदाला लागल्या. दुर्गेशला दाखवला नाही तो कागद.

एक गंमत सांगतो. सुटे भाग वाळवायला चुलीजवळ ठेवले होते. ते उचलायला सांडशी घेतली, ती विस्तवात राहिलेली होती हे लक्षात आलं नाही. मी आपला सांडशी धरून भाग निरखत उभा. जमुना म्हणाली, "काऊन जी, काई तरी जळून राहिलं." पाहतो तर माझंच बोट. चांगला मोठा फोड आला आहे. तिने हळद लावली आणि तासभर बोलत होती.

मोजलेलं धान तिने कोंबड्यांना टाकलं, कारण त्याला घासलेटचा वास लागला होता. कोंबड्यांनी खाल्लं नाही. तेव्हा नुकसान माझ्या नावावर.

आता स्प्रिंगच उरली आहे. दोन वेढे कमी केले तर काय बिघडेल? महिना उरला आहे. लवकर लिही.

उदेलाल


कामठी,
२८ डिसेंबर २०००

उदेलाल,

जय भीम. तुझ्या पत्रातल्या कोंबड्यांनी माझी चूक पकडली.

तू धान मोजलंस. मी तांदूळ समजलो. दवनीवाड्यात नुसतं माप म्हटलं की धान, हे मी विसरलो रे. सोळा वर्षं लंगरचा तांदूळ खाल्ला आणि नंतर इथे रेशनचा. टरफलासकट धान त्या मापात साडेतीनशे ग्रॅमच्या वर बसत नाही. म्हणजे तुझी सहा मापं तीन किलो नव्हतीच, जेमतेम दोन किलो शंभर ग्रॅम होती. चाप पहिल्यापासून बरोबर होता. मी तुला विनाकारण दगड फिरवायला लावला आणि आता तो दोन किलोच्याही खाली आला आहे. हातातलं काम सोडून पंधरा वर्षं झाली, पण अशी चूक मी नोकरीत असतो तर माझी फीत उतरली असती.

तेव्हा स्प्रिंगचं नाव काढू नको. मी हात जोडून सांगतो.

आता दुसरी गोष्ट. चाप बरोबर असेल तर तुला जड का लागतो? दुर्गेशला ओढून पाहू दे. तू स्वतः डाव्या हाताच्या बोटाने ओढून पाहा. जे वाटेल ते जसंच्या तसं लिही.

आणि ती सांडशी. तुला फोड आला तोपर्यंत कळलं नाही? भाजलेलं नाकाला आधी आणि बोटाला नंतर कळलं, यात मला गंमत दिसली नाही. उत्तर लवकर दे.

भोजराज


दवनीवाडा,
९ जानेवारी २००१

भोजराज,

राम राम. तू आता म्हातारा झालास. धान आणि तांदूळ यांत तुझं चुकलं आणि शेवटी दोष माझ्या बोटाचा.

दुर्गेश म्हणतो चाप ठीक आहे. तो पंचविशीतला, त्याला बैलही ठीक वाटतो. डाव्या हाताने मी कधी जेवलोही नाही, तर रायफल काय चालवू?

काळजीचं कारण उरलेलं नाही. चाप आता लोण्यासारखा झाला आहे. कसा झाला ते विचारू नको. सराव चालू आहे. सव्वीसला निकाल कळवीन.

उदेलाल


दवनीवाडा,
१२ जानेवारी २००१

भोजराज काकांना ओमेश्वरीचा नमस्कार. हे पत्र आई सांगते तसं मी लिहीत आहे. बाबांना माहीत नाही.

भाऊजी, तुमच्या दोस्तानं स्प्रिंग कापली. मले इचारलं नाही, तुमचंबी ऐकलं नाही. परवा खळ्यावर सराव करून राहिले होते. बंदुकीत गोळी भरली, बोल्ट बंद केला, अन् आपोआप आवाज झाला. घोड्याले हात लावला नव्हता, मी बाजूलेच उभी होती. गोळी धानाच्या पुंजण्यात, त्या मोठ्या ढिगात, गेली. पुंजण्याच्या पल्याड दुर्गेश पेंढ्या काढून राहिला होता. त्याले काई झालं नाही. हे म्हणतात, कोणाले सांगू नको.

दुसरं सांगतो, ते ध्यान देऊन ऐका. ह्यायच्या उजव्या हातावर, मनगटाच्या वर, एक फिक्कट डाग आहे. दोन वर्षं झाले. खाजत नाही, दुखत नाही. हे म्हणतात चिखलाचा डाग आहे, धानाची रोवणी करून करून होते. मी काल हे झोपले असताना सुईनं त्या डागाले टोचून पाह्यलं. जागे झाले नाही. मंग बोटाले टोचलं. तवाबी नाही.

शर्टाचे बटन लावता येत नाही ह्यायले. मले वाटे, लाडात येऊन लावून घेतात. आता समजलं, काऊन ते.

मी घाबरली आहे, भाऊजी. तुमची पोरगी दीप्ती नर्स आहे, तिले इचारून सांगा. घरच्या पत्त्यावर लिवू नका असं मी म्हणत नाही. त्यायच्याच नावानं लिवा. तुमचंच ऐकतील.

(काका, आई रडली नाही. लिहिताना मीच रडले. — ओमेश्वरी)


कामठी,
१६ जानेवारी २००१

उदेलाल,

जमुनावहिनींनी मला सगळं कळवलं. त्यांच्यावर रागावलास तर माझ्याशी गाठ आहे.

आधी रायफल. हे पत्र वाचून झालं की बोल्ट काढ, फडक्यात गुंडाळ आणि वहिनींच्या पेटीत कुलूप लावून ठेव. स्प्रिंग कापल्यामुळे सिअरचा दात पूर्ण वर येत नाही. बोल्ट बंद करताना पिन त्यावरून घसरते. पुन्हा घसरेल. या वेळी पुंजणं मध्ये होतं. त्यात निम्मा दोष माझा आहे. माझ्या चुकीच्या हिशेबामुळे तुझी खात्री झाली की रायफलच बिघडली आहे. ते माझ्या मनातून जाणार नाही.

आता हात. मी दीप्तीला डाग, सुई, बटन, सांडशी सगळं सांगितलं. तिने मला दोनदा तेच तेच विचारलं, तेव्हाच मला समजलं. ती म्हणते, तपासल्याशिवाय नाव घ्यायचं नसतं. पण मी डॉक्टर नाही, तुझा मित्र आहे, तेव्हा मी घेतो. तिला कुष्ठरोगाची शंका आहे. आपल्या गावात त्याला जे म्हणतात ते मी लिहिणार नाही, तूही म्हणू नको.

तुझा चाप कधीच जड झाला नव्हता. तुझ्या बोटाला चाप लागतच नाही. म्हणून तू ओढत राहतोस आणि तुला कळत नाही की किती ओढलंस.

दीप्तीने सांगितलेलं तसंच उतरवतो. हा जंतूचा आजार आहे, कोणाच्या पापाचा नाही. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. वर्षभर घ्याव्या लागतात. पहिल्या मात्रेनंतर आजार दुसऱ्याला लागत नाही. लघवी लाल होईल, घाबरायचं नाही. उशीर केलास तर बोटं वाकतील आणि मग ती कोणालाही सरळ करता येणार नाहीत. या घडीला हात वाचवता येतो. महिन्याने काय, ते ती सांगू शकत नाही.

स्पर्धा सव्वीसला आहे. तू त्याआधी गोंदियाच्या दवाखान्यात जा. मला भीती वाटते आहे, उदेलाल, आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही.

भोजराज


दवनीवाडा,
१८ फेब्रुवारी २००१

भोजराज,

महिनाभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही असतं तरी पेन धरवत नव्हतं. आताही उत्तर दिलं नाही तर तू प्लास्टरसकट येशील म्हणून लिहितो.

स्पर्धेला गेलो नाही. क्लबमध्ये सांगितलं, डोळ्याला त्रास आहे. पंचवीस जानेवारीला जमुना आणि मी गोंदियाला गेलो. डॉक्टर पोरसवदा होता. त्याने डोळे मिटायला सांगितले आणि हातावर पिसासारखं काहीतरी फिरवून विचारत गेला, इथे कळतं का, इथे कळतं का. मी डोळे मिटून वाट पाहत बसलो की तो सुरू कधी करतो. त्याने सुरू करून संपवलं होतं.

तेच निघालं. कोपराजवळची नस सुजली आहे म्हणे. गोळ्यांचं पाकीट दिलं, पहिली मात्रा त्याच्यासमोर घ्यावी लागली. बोटं वाकणार नाहीत असं म्हणाला, व्यायाम दिला आहे. गेलेली जाण परत येईल का विचारलं तर म्हणाला, थोडी. सगळी नाही.

गावात सांगितलं आहे की मला साखरेचा आजार निघाला. त्यामुळे कोणी चहा पाजत नाही, तो एक तोटा.

घरात काही अडचण नाही. मीच आपली व्यवस्था वेगळी केली आहे. गोठ्याला लागून जी खोली आहे तिथे झोपतो. ताट-गिलास वेगळं. माझा गिलास गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतो, मीच धुतो. कोणी सांगितलं नाही. जमुना भांडली, डॉक्टरचं बोलणं ऐकवलं, दुर्गेशही बोलला. पण घरात सून यायची आहे, ओमेश्वरीचं लग्न व्हायचं आहे. मी दूर राहिलेलं बरं. पहिल्या दिवशी कोनाड्यात गिलास ठेवताना हात अडला, आता सवय झाली.

तुझं प्लास्टर निघालं असेल. तू येतो म्हणशील. येऊ नको. आलास तर तुला कुठे बसवू आणि तुला कशात पाणी देऊ, हे मला कळणार नाही.

उदेलाल


कामठी,
२५ फेब्रुवारी २००१

उदेलाल,

दवाखान्यात गेलास. हे वाक्य मी कुसुमला दोनदा वाचून दाखवलं. आता गोळ्या एक दिवसही चुकवू नको.

तुझ्या गोठ्याच्या भिंतीतला कोनाडा मला माहीत आहे. त्यात माझा कप असायचा.

आपण चौथीत होतो. तुझ्या ओसरीवर आपण गणितं सोडवायचो. मी पायरीवर बसायचो, तू वर. तुझी आई चांगली बाई होती, मला उपाशी परत जाऊ देत नसे. पण चहा त्या कपातच मिळायचा. चिनी मातीचा, कान तुटलेला, काठावर निळी रेघ. ती वरून ओतायची. प्यायचा, विसळायचा, कोनाड्यात पालथा घालून ठेवायचा, आणि मग पुन्हा गणित. तू घरात तुझ्या पेल्यात पीत असायचास. तुला कधी दिसलंच नसेल. मी छप्पनला माझ्या बाबांबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो आणि त्यानंतर त्या कपाला हात लावला नाही. तुझी आई समजली.

हे मी तुला आजवर सांगितलं नाही. राग होता. तुझ्याशी दोस्ती होती आणि राग होता. तू भंडाऱ्याहून कप जिंकून आणायचास आणि पत्रात 'कप मिळाला' असं लिहायचास, तेव्हा मला दर वेळी तो दुसरा कप दिसायचा. एवढा मूर्खपणा माणूस चाळीस वर्षं करू शकतो.

मला कसलाही आजार नव्हता, उदेलाल. तरी मी त्या कोनाड्यात होतो. तुझा आजार तर पहिल्या गोळीने लागायचा थांबला, असं डॉक्टरनेच सांगितलं. मग तू तिथे कशाला जाऊन बसलास? कोणी ढकललं नाही म्हणतोस. आपल्या पायाने तिथे जाणारा तू पहिलाच माणूस असशील.

प्लास्टर निघालं. शनिवारी सकाळच्या गाडीने येतो आहे. नवी स्प्रिंग आणतो. मला कुठे बसवायचं याची काळजी करू नको, मला पायरी माहीत आहे आणि आता मी तिथे बसत नाही. पाणी तू ज्यात पितोस त्यात दे.

भोजराज


दवनीवाडा,
२० मार्च २००१

भोजराज,

जय भीम.

तू जाऊन सोळा दिवस झाले. तू बसवलेली स्प्रिंग मी पुन्हा मापाने मोजली, या वेळी तांदूळ घेऊन. चार मापं आणि वर मूठभर. जमुना म्हणाली तांदूळ महाग आहे, धानानेच मोजायचं. तुम्हा दोघांच्या मध्ये मी सापडलो आहे. तुझ्या समाधानासाठी दुर्गेश बोल्ट वीस वेळा आपटून बंद करून पाहतो, एकदाही सुटत नाही. मला तो चाप ओढता येत नाही. डाव्या हाताने ओढतो आहे. तुला चिडून लिहिलं होतं, पण डाव्या हाताला खरंच कळतं, अगदी बारीक कळतं. डाव्या खांद्याला रायफल लावली की कवडू हसतो. हसू दे. पुढच्या सव्वीस जानेवारीला नाव देईन की नाही ते ठरवलेलं नाही.

हे सगळं तुला सुखरामकडूनही कळलं असतं. पत्र दुसऱ्या कारणासाठी लिहितो आहे. तू आलास, खोलीत शिरलास, कोनाड्यातून माझा गिलास उचललास, माठातून पाणी घेऊन प्यायलास आणि म्हणालास, "पाणी गार आहे." मी तेव्हा बोलायला हवं होतं. दोन दिवस तू होतास, दोन्ही दिवस मी बोलणार होतो. तू जेवत होतास, तू स्प्रिंग बसवत होतास, मी तुझ्या हातांकडे पाहत राहिलो आणि गाडीची वेळ झाली.

तू लिहिलंस की मला तो कप कधी दिसलाच नसेल. दिसला होता. तू येणार असलास की तो काढून धुवून पायरीवर ठेवायचं काम माझं होतं.

एवढंच असतं तरी मी आईवर ढकललं असतं. एकदा, तिसरीत की चौथीत, पाऊस होता. तू भिजून आला होतास. आई घाईत होती, तिने चहा आमच्या पितळी पेल्यात ओतला आणि तुझ्याकडे द्यायला निघाली. मी म्हणालो, "आई, त्याचा कप बाहेर आहे." तिने पेला परत नेला. मला वाटतं ती विसरली नव्हती. तिला तसं करायचं होतं आणि मी आठवण करून दिली. तू ओसरीत उभा होतास. ऐकलंस की नाही, मला माहीत नाही. मी दहा वर्षांचा होतो, पण ते मी कारण म्हणून लिहीत नाही.

मी माझा गिलास कोनाड्यात ठेवताना हात का अडला ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुला ते लिहिलं नाही.

तू गेलास त्या दुपारी जमुनाने तू प्यायलेला गिलास बाकीच्यांबरोबर घासला आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. मला विचारलं नाही. संध्याकाळी मी माझा घ्यायला गेलो. फळीवर सहा गिलास होते, सगळे एकाच सेटमधले. एकेक उचलून पाहिला. कोणता माझा ते मला ओळखू आलं नाही. मग हाताला आला त्यात पाणी घेतलं आणि तिथेच उभं राहून प्यायलो.

उदेलाल